मी, लकडगंजच्या पिस्तुलाचा खटका

मित्रांनो, बसा, पण जरा लांब बसा. हात मांडीवर ठेवा, मला दिसतील असे. राग मानू नका. मी एका पिस्तुलाचा म्हातारा खटका आहे आणि जवळ येणाऱ्या कुठल्याही बोटाचा मला भरवसा वाटत नाही. तुम्ही चांगल्या घरची मुलं असाल, शाळेत बक्षिसं मिळवत असाल, तरी बोट ते बोटच.

खटका म्हणजे काय, ते आधी सांगतो. पिस्तुलाच्या मुठीच्या वर, अंगठा पोचेल अशा जागी एक लहानशी दांडी असते. ती वर केली की आतून चाप अडतो, मग कोणी कितीही दाबला तरी गोळी सुटत नाही. ती खाली केली की वाट मोकळी. ती दांडी म्हणजे मी. शिकलेली माणसं मला सेफ्टी म्हणतात. नाव काहीही ठेवा, माझं काम एकच, 'नाही' म्हणायचं. ज्याला सारखं 'नाही' म्हणावं लागतं, त्याचा स्वभाव गोड कसा राहील, तुम्हीच सांगा.

आमचं पिस्तूल विलायती आहे, पण मी पक्का नागपूरचा. माझा जन्म पिस्तुलाच्या कारखान्यात झाला नाही. त्याआधी मी ट्रकच्या चाकांवर भार झेलणाऱ्या कमानीचा पोलादी पट्टा होतो. नागपूरच्या लकडगंजात बाबारावांची लाकूड चिरायची आरामशीन होती, आणि जंगलातून सागाचे ओंडके आणणारा त्यांचा एक ट्रक होता. त्या ओंडक्यांच्या भारानं एक दिवस मी मधोमध मोडलो आणि आरामशीनीच्या मागे भुशाच्या ढिगाजवळ पडून राहिलो. पावसात गंजलो. कुत्री माझ्यावर पाय वर करून जायची. कोणाला माझी आठवण येईल असं मला वाटलं नव्हतं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. बाबाराव सागाच्या लिलावाला गेले होते. जीपमधून उतरताना त्यांच्या कमरेचं पिस्तूल दगडावर आपटलं आणि त्याचा मूळचा विलायती खटका मुळापासून तुटला. त्या काळात बाहेरून सुटे भाग येणं बंदच झालं होतं. तेव्हा बाबारावांचे धाकटे भाऊ महादेवराव म्हणाले, "दादा, सदर बाजारच्या ताराचंद मिस्त्रीले दाखवून पाहतो. हातानं घडवून देईल तो." पिस्तुलाच्या लायसनवर राखणदार म्हणून महादेवरावांचंही नाव होतं, म्हणून ते नेऊ शकत होते. जाता जाता त्यांनी भुशातून माझा एक तुकडा उचलला. लोखंड चांगलं आहे, घरचंच आहे, वाया का घालवा, एवढाच त्यांचा विचार.

ताराचंद मिस्त्रीचं दुकान लहान होतं, पण सरकारी परवान्याचं. त्यानं मला भट्टीत लाल केलं, राखेत गाडून सावकाश थंड होऊ दिलं आणि मग कानशीनं घासायला घेतलं. मित्रांनो, ते घासणं आठवलं की अजून अंगावर काटा येतो. तो थोडंसं घासायचा, मला दिव्याच्या ज्योतीवर धरून काळं करायचा, पिस्तुलात बसवायचा, पुन्हा काढायचा. जिथली काजळी पुसली गेली असेल तिथंच मी अडतोय हे त्याला कळायचं. तेवढंच पुन्हा घासायचं. असं किती वेळा केलं, देव जाणे. महादेवराव बाकावर बसून जांभया देत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मिस्त्री, झालं नाही का गा अजून?"

"होईल तेव्हा होईल," ताराचंद म्हणाला. "हा दरवाज्याचा कोयंडा नाही, भाऊ. अर्धा बसला तं न बसल्यासारखाच हाये."

मग त्यानं मला कडक करण्यासाठी पुन्हा तापवून तेलात बुडवलं आणि कायमचं बसवलं. पिस्तूल रिकामं आहे याची आधी करंगळी आत घालून खात्री केली, मला वर सारलं आणि चाप ओढला. मी अडवला. पुन्हा ओढला, पुन्हा अडवला. मी वर गेलो की 'टक' असा बारीक आवाज व्हायचा. तो महादेवरावांना ऐकवून ताराचंद म्हणाला, "हा आवाज आला तं खटका लागला. नाही आला तं लागला नाही, मंग दिसाले कसाही दिसो." महादेवरावांनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी बाबारावांनाही तो आवाज दोनदा ऐकवला.

त्यानंतरची काही वर्षं माझी मानाची होती. जंगल खात्याच्या लिलावांना, रामटेककडच्या रस्त्यानं, ट्रकच्या पुढच्या सीटवर, मी बाबारावांच्या कमरेला असायचो. रस्त्यात कोणी ट्रकला हात दाखवला की बाबारावांचा अंगठा माझ्यावर यायचा. मी मनात म्हणायचो, राहू द्या हो, बिचारा घरी जायला निघालाय. पण मीही सावध असायचो. आमच्या दोघांचं त्या बाबतीत छान जमायचं. चारचौघांत ते माझं कौतुक करायचे, "विलायती खटका तुटला, पण आमच्या महादेवनं नागपूरचा बसवून आणला, त्याच्याहून भारी." असं ऐकलं की महादेवराव लाजायचे. वडील गेल्यावर बाबारावांनीच त्यांना वाढवलं होतं, आणि ते दादांच्या शब्दाबाहेर नसायचे.

मग हिंगण्याचं प्रकरण निघालं.

नागपूरशेजारी हिंगण्याला सरकारी औद्योगिक वसाहत वाढत होती. महादेवरावांच्या मनात आलं की आपण नुसतं लाकूड चिरून विकतो, तिथं जागा घेऊन खुर्च्या-टेबलं बनवली तर? ते मोटारसायकलवर जाऊन जागा पाहून आले. घरी बोलले नाहीत. पक्कं झालं की दादाला सांगू, असं त्यांच्या मनात असावं. पण आरामशीनीचा चौकीदार नत्थू गप्प बसणारा नव्हता. त्यानं बाबारावांच्या कानात सांगितलं, "मालक, धाकले मालक हिंगण्याले जागा पाहून राहिले. तुमाले मालूम असंलच म्हणा."

बाबारावांना मालूम नव्हतं. त्या दिवसापासून माणूस बदलला. भाऊ वेगळा निघणार, आरामशीन मागणार, हे त्यांनी मनाशी धरलं. महादेवराव हसले तर का हसले, गप्प बसले तर का गप्प बसले. संध्याकाळी उशिरा आले तर कुठं गेले होते, लवकर आले तर आज लवकर कसे आले. कपाटाची किल्ली बाबाराव जानव्याला बांधून ठेवू लागले. मी स्वतः संशयी, पण मित्रांनो, मलाही त्यांच्यासोबत गुदमरायला लागलं.

त्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं पुजतात. आरामशीन बंद असते, पात्यांना तेल लावून झेंडू बांधतात, ट्रकच्या चाकांना हळदीकुंकू लागतं. घरात पाटावर पिस्तूल मांडतात, आणि ते दसऱ्याला संध्याकाळी सीमोल्लंघनाला निघेपर्यंत तिथंच राहतं. बाबारावांच्या पत्नी प्रयागबाई हे सगळं मनापासून करायच्या. त्यांच्या सासूबाईंची रीत होती, अक्षता सुक्या वाहायच्या नाहीत, तूप आणि कुंकवात चांगल्या कालवलेल्या वाहायच्या. पिस्तूल रिकामं होतं आणि मी खाली होतो. प्रयागबाईंनी मूठभर अक्षता वाहिल्या, झेंडूचा हार गुंडाळून ठेवला आणि हात जोडले.

त्यातला एक चिकट दाणा घरंगळत माझ्या वरच्या फटीत शिरला. मला तो जाणवला. पण मला तोंड कुठे आहे?

पूजा झाल्यावर बाबारावांनी गोळ्या आणल्या आणि पिस्तूल भरायला घेतलं. प्रयागबाई म्हणाल्या, "अवो, देवापुढं भरलेलं काहून ठेवता? रिकामंच राहू द्या ना."

"रात्रभर उघड्यावर राहील ते," बाबाराव म्हणाले. "आता घरात कोणाचा भरोसा राहिला नाही."

त्यांनी हार तसाच राहू देऊन अलगद पिस्तूल भरलं आणि मला अंगठ्यानं वर सारलं. मी वर गेलो, पण पुरता नाही. वाटेत दाणा होता. केसभर जागा राहिली आणि 'टक' आवाज आलाच नाही. एरवी बाबारावांच्या ते ध्यानात आलं असतं. पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं, महादेवराव येत आहेत का, आपल्याला पाहताहेत का, याकडे. मी दिसायला बरोबर बसलेला दिसत होतो. आत चाप मोकळाच होता. सबंध रात्र मी पाटावर तसाच पडून राहिलो, आणि माझ्या आयुष्यात मला स्वतःचीच भीती वाटली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दसरा. रस्त्यानं पांढऱ्या कपड्यांतली माणसं दीक्षाभूमीकडे चालली होती, पोरं फटाके उडवत होती. संध्याकाळी आमच्या घरची रीत अशी की धाकट्यानं थोरल्याच्या हातात शस्त्र द्यायचं, पाया पडायचं आणि मग दोघांनी सोनं लुटायला निघायचं. महादेवरावांनी उजव्या हातानं मूठ धरून पिस्तूल उचललं आणि डाव्या हातानं त्याच्यावरचा हार ओढून काढायला लागले. नळी दादांकडे आहे, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. भरलेलं आहे हे तर त्यांना माहीतच नव्हतं. हाराचा दोरा चापात अडकला होता. त्यांनी जोरानं ओढला.

गोळी बाबारावांचा दंड फाडून मागच्या भिंतीत गेली. शेजाऱ्यांना वाटलं, पोरांनी सुतळी बॉम्ब लावला.

मी बोटं ओळखतो, मित्रांनो. महादेवरावांचं बोट चापाजवळसुद्धा नव्हतं. पण बाबारावांनी पाहिलं ते एवढंच, समोर भाऊ, त्याच्या हातात पिस्तूल आणि नळीतून धूर.

दवाखान्यात पोलीस आले. बाबारावांनी त्यांना सांगितलं, "साफ करताना सुटली माह्याच हातून." महादेवराव बाहेर बाकड्यावर बसून रडत होते. त्यांना वाटलं, दादानं मला वाचवलं, दादाचा माझ्यावर विश्वास आहे. घरी आल्यावर खरं काय ते त्यांना कळलं. बाबारावांनी झोपायच्या खोलीला आतून अडसर लावला. महादेवरावांनी नेऊन दिलेला चहा तसाच थंड झाला. प्रयागबाईंनी स्वतः वाढल्याशिवाय ते घास घेईनात. पोलिसांना खोटं सांगितलं होतं ते घरच्या अब्रूसाठी, भावासाठी नव्हे.

मी पिस्तुलासकट कपाटात कुलूपबंद होतो, पण कपाट त्याच खोलीत होतं, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. बाबारावांनी नत्थूला बोलावून विचारलं, "त्या दिवशी तो पिस्तुलापाशी गेल्ता का?" ट्रकच्या ड्रायव्हरला विचारलं, हिंगण्याला त्याच्यासोबत कोण असतं. प्रयागबाईंना विचारून विचारून त्यांचा जीव नकोसा केला. मला आत वाटायचं, अहो, ज्याच्यावर आळ आहे तो बाजूच्या खोलीत बसला आहे, त्याला विचारा ना. पण त्याच्याशी ते शब्द बोलत नव्हते. महादेवराव दारात येऊन उभे राहायचे, काही वेळानं निघून जायचे.

शेवटी महादेवरावांनी पेटी भरली. त्याच दिवशी बाबारावांनी ताराचंद मिस्त्रीला बोलावणं धाडलं. त्यांचा डाव सरळ होता. खटका मुद्दाम ढिला बसवून घेतला, हे मिस्त्रीच्या तोंडून वदवून घ्यायचं.

ताराचंद आला. खोलीत पाऊल टाकताच त्यानं बाबारावांच्या गळ्यात अडकवलेली हाताची झोळी आणि त्यांचा चेहरा पाहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की इथं काही खरं नाही. पिस्तूल समोर ठेवलं तरी तो हात लावीना.

"माह्या हातचा खटका हाये," तो म्हणाला. "मी एकट्यानं उघडला तं उद्या तुमीच म्हणाल, मिस्त्रीनं आपली चूक लपवली. सगळ्यांले बसवा. धाकट्या भाऊलेही."

"त्याचं काय काम?"

"नसंल तं मी चाललो."

बाबारावांचा नाइलाज झाला. प्रयागबाई येऊन बसल्या. महादेवराव पेटी उंबऱ्याबाहेर ठेवून दाराशी उभे राहिले. ताराचंदनं पिस्तूल रिकामं केलं, पंचा अंथरून त्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि माझा स्क्रू ढिला केला. मला बाहेर काढताच फटीतून तो दाणा कागदावर पडला. वाळून टणक झाला होता, पण लाल तसाच होता. चापाच्या मागे अडकलेला पिवळ्या दोऱ्याचा तुकडाही निघाला.

प्रयागबाईंनी दाणा उचलून तळहातावर घेतला.

"ह्या माह्या अक्षता हायेत," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "दाणा माह्या हातचा, मी नाही म्हणत नाही. पण रिकामं होतं ना तेव्हा? गोळ्या कोणं भरल्या? मी म्हटलं, देवापुढं रिकामंच राहू द्या. तुमी म्हणाले, घरात कोणाचा भरोसा राहिला नाही. भाऊजीले ठाऊकबी नव्हतं भरलेलं हाये म्हणून."

महादेवरावांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा चेहरा मी कागदावर पडल्या पडल्या पाहत होतो. दाणा निघाल्यावर तो जरा मोकळा झाला होता. आता पुन्हा उतरला.

बाबाराव उठले. "महादेव, पेटी आत आण," ते म्हणाले. "झालं ते झालं. दाणा निघाला ना आता."

"दादा," महादेवराव म्हणाले, "तू नत्थूले विचारलं. ड्रायव्हरले विचारलं. मिस्त्रीले घरी बोलावून विचारलं. मी इतके दिवस बाजूच्या खोलीत होतो. मले काहून नाही विचारलं गा?"

महादेवरावांनी वाकून त्यांना नमस्कार केला, वहिनींना केला, पेटी उचलली आणि हिंगण्याला निघून गेले.

ताराचंदनं मला पुसून, पुन्हा बसवून, 'टक' आवाज सगळ्यांना ऐकवला आणि तोही गेला. त्यानंतर बाबारावांनी पिस्तूल कमरेला लावलं नाही. मी कपाटातच राहू लागलो. माझ्या अंगावर बारीक गंजाचे ठिपके आले. वर्षातून एकदा तेवढी खंडेनवमी व्हायची. प्रयागबाई मला पाटावर ठेवायच्या, रिकामा, हाराशिवाय. पिस्तुलावर एक पान ठेवून अक्षता पानावर वाहायच्या.

दसऱ्याला संध्याकाळी महादेवराव हिंगण्याहून यायचे. चुकले नाहीत कधी. आपट्याचं पान दादांच्या हातात ठेवायचे, पाया पडायचे आणि उभ्याउभ्याच निघायचे. वहिनी पाट मांडायच्या, त्यावर ते बसायचे नाहीत. पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. हिंगण्यात त्यांचं चांगलं चाललं होतं, लग्न झालं, मुलं झाली. दरवर्षी तेच पाहून माझा जीव तुटायचा. भांडण असतं तर मिटलं असतं. इथं भांडणच नव्हतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. बाबाराव म्हातारे झाले, जखमेचा तो हात थंडीत वर उचलेनासा झाला. मग एका दसऱ्याला महादेवराव आले, पान दिलं, पाया पडले आणि वळले, तेवढ्यात बाबाराव म्हणाले, "थांब."

ते थांबले.

"महादेव, तुले एक विचाराचं हाये." बाबारावांची मान खाली होती. "त्या दिवशी तू मले जाणून गोळी मारली होती का गा?"

मी म्हटलं, हे काय बोलतात, दाणा तर सगळ्यांसमोर निघाला होता, सगळं कळलेलं आहे. पण महादेवरावांना राग आला नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"नाही, दादा," ते म्हणाले. "मी नाही मारली."

"बरं," बाबाराव म्हणाले.

महादेवरावांनी चपला काढल्या, वहिनींनी मांडलेल्या पाटावर येऊन बसले आणि वहिनींना म्हणाले, "वहिनी, पाणी द्या वं थोडं."

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू घरात असेल तर तिला हात लावू नका, आणि मोठ्यांना सांगा की ती रिकामी करा, उघडा, स्वच्छ ठेवा. ते त्यांनी केलंच पाहिजे. पण तुमच्यावर एक काम सोपवतो, ते मोठ्यांना जमत नाही. ज्याचा संशय आला असेल, त्याच्याजवळ जा, त्याच दिवशी जा, आणि त्यालाच विचारा. त्यानं 'नाही' म्हटलं तर त्याला बसायला सांगा.